प्रश्नोत्तरे : दिवाळीतली कृतज्ञता

प्रश्न : आमची निपाणीजवळ उसाची शेती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी केवळ फराळ आणि किल्ला यांत न रमता कृतज्ञतेने कुणाची तरी सेवा करावी, असे वाटते. सुरुवात कोठून करावी? – एक वाचक

उत्तर : सुरुवात आपल्याच बांधापासून करावी. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडील व विजयपूरकडील ऊसतोड मजूर आपल्या भागात येऊन कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. ज्यांच्या कोयत्यावर आपले उसाचे बिल अवलंबून असते, त्यांचा सण मात्र बहुधा फडातच जातो. त्यांची मजुरी टनावर ठरत असल्यामुळे दिवसा त्यांना थांबवणे म्हणजे त्यांच्या कमाईत खोट घालणे होय, म्हणून संध्याकाळी जावे आणि काय हवे ते आधी विचारावे. अनेकदा फराळापेक्षा पिण्याचे स्वच्छ पाणी, थंडीसाठी घोंगडी किंवा आजारी मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी अधिक उपयोगी पडते. आईवडील फडात असताना मागे राहिलेल्या लहानग्यांना आपल्या मुलांनी किल्ला बांधायला बोलवावे. कुणी कानडी बोलणारे असले, तरी सीमाभागातल्या मुलांना त्याची अडचण वाटू नये. फाटके कपडे देऊन कपाट रिकामे करणे आणि देतानाची छायाचित्रे काढणे, हे दोन्ही मला अशोभनीय वाटते. हंगाम पुढे काही महिने चालतो, तेव्हा पाण्याची सोय भाऊबीजेनंतरही चालू ठेवावी.