पुण्याचं ठरलं होतं, मिळालं जमशेदपूर

प्रश्न: मी बार्शीची. पुण्यात कॉम्प्युटर करायचं ठरलं होतं, पण जेईईच्या रँकवर एनआयटी जमशेदपूरला मेटलर्जी मिळालं आणि ‘एनआयटी सोडायची नाही’ म्हणून बाबांनी पाठवलं. एक सेमिस्टर झालं. अभ्यास जमतोय, पण या शहरात जीव रमत नाही. वर्ग, मेस, खोली आणि रात्री पुण्याच्या मैत्रिणींशी फोन, एवढंच. सोडून येऊन पुन्हा सीईटी देऊ का?

उत्तर: ‘अभ्यास जमतोय’ हे तू ओझरतं लिहिलंयस, मी मात्र तिथंच थांबलो. विषयच नकोसा झाला असता तर परत ये म्हणालो असतो. तुला खुपतंय ते गाव, आणि ते तू अजून धड पाहिलेलं दिसत नाही. तुमची संस्था आदित्यपूरला, कारखान्यांच्या पट्ट्यात. जमशेदपूर खरकाई नदीच्या पलीकडे. ट्रकची धूळ आणि होस्टेलची भिंत बघून शहराला नापास करू नकोस.

गंमत म्हणजे, जमशेदजी टाटांनीही पोलादाच्या कारखान्यासाठी आधी ही जागा धरली नव्हती. त्यांचा डोळा होता आपल्या चांद्याकडच्या, म्हणजे चंद्रपूरकडच्या, लोहाऱ्याच्या खनिजावर. पण जवळचा कोळसा कामाचा निघाला नाही. १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी ओडिशातल्या मयूरभंजच्या लोहखनिजाची खबर दिली. मग खनिज, कोळसा आणि पाणी यांचा मेळ बसला तो साकची नावाच्या खेड्यापाशी, म्हणजे आजच्या जमशेदपुरात. जमशेदजी तोवर गेले होते. १९१२ मध्ये तिथं पोलाद तयार झालं. १९५० पासून राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळाही याच गावात आहे. धातू शिकणाऱ्या मुलीला एवढं सगळं पुण्यात हाताशी मिळालं नसतं, हे पुण्याचा अभिमान असूनही सांगतो. उन्हाळी प्रशिक्षणासाठी काय करावं लागतं, हे प्राध्यापकांना याच महिन्यात विचार.

आता रमायचं कसं? प्रेक्षणीय स्थळांची यादी देणार नाही. फोटो काढून लोक परततात आणि गाव होतं तसं परकंच राहतं. त्यापेक्षा गावात स्वतःचं काहीतरी काम काढ. वही, चप्पल, चष्म्याची काडी, जे लागेल ते कॅम्पसच्या गेटवर न घेता साकचीच्या बाजारातून आण. शेअर रिक्षाने जा, भाव कर, चुकीच्या हिंदीत कर. गाडीवर लिट्टी-चोखा खा. सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, भरलेली निखाऱ्यावरची कणकेची लिट्टी फोडून तुपात बुडवतात. चोखा म्हणजे भाजलेल्या वांग्याचाच, पण वरून कच्चं मोहरीचं तेल, पहिल्या घासाला थेट नाकात जातं. आपल्या भरताची सर नाही, हे मला मान्य. तरी चौथ्या-पाचव्या खेपेला गाडीवाला न विचारता मिरची जास्त घालतो, तेव्हा गाव जरा आपलं वाटू लागतं. ३ मार्चला जमशेदजींची जयंती. ज्युबिली पार्कला रोषणाई असते, सगळं गाव लोटतं. वर्गातल्या तिथल्याच एखाद्या मुलीबरोबर जा. जमलं तर तिच्या घरी जेवायलाही जा.

मैत्रिणींचे फोन तोडू नकोस, पण रोज रात्रीचे आठवड्यातून दोनदा कर. त्या तुला एफसी रोड दाखवतात, पीजीचं भाडं आणि स्वारगेटची गर्दी दाखवत नाहीत. घरची ओढ अनावर होते त्यावर एक साधा उपाय: पुणे–हावडा आझाद हिंद एक्सप्रेस टाटानगरला, म्हणजे जमशेदपूरच्याच स्टेशनला, थांबते, सुट्टीचं तिकीट आत्ताच काढून ठेव. जायची तारीख ठरलेली असली की मधले दिवस कमी खातात. जेवण-झोपच उडाली असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी संस्थेच्या समुपदेशकांना भेट आणि घरी स्पष्ट सांग.

सीईटीचा फॉर्म भरायचा तर भर, मुदत चुकवू नकोस. शाखाबदलाचे नियमही अकॅडमिक ऑफिसात विचारून घे. पण दुसरीकडचा प्रवेश पक्का झाल्याशिवाय एनआयटीची जागा सोडायची नाही, एवढं बाबांचं ऐक.