लोट्याची नोकरी की पीएचडी?

प्रश्न: मुलगी लोणेऱ्याला केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला फ्लुइड डायनॅमिक्समधे, म्हणजे द्रव आणि वायू कसे वाहतात त्या शास्त्रात, पीएचडी करून प्रोफेसर व्हायचंय. भावोजी म्हणतात, इथल्या लोटे एमआयडीसीत केमिकल कंपनीत लगेच चिकटेल, घरचा डबा घेऊन जाईल, ते प्रवाह-बिवाह शिकून काय मिळणार?
– एक आई, चिपळूण

उत्तर: ताई, भावोजींना सांगा की लोट्यातल्या रसायनं बनवायच्या टाकीत, म्हणजे रिअ‍ॅक्टरमधे प्रवाहच असतो हो! लिटरभराच्या फ्लास्कमधे झकास होणारी रिअ‍ॅक्शन १०,००० लिटरच्या टाकीत रुसते, कारण एक तर एवढा माल पटकन ढवळला जात नाही आणि आकार तोच ठेवून टाकी मोठी केली की लिटरमागे थंड करायला मिळणारा पृष्ठभाग साधारण २१ पट कमी होतो, मग कुठेतरी तापतं, यील्ड पडतं म्हणजे हवा तो माल कमी निघतो, कधी रिअ‍ॅक्शन हाताबाहेरच जाते. आत काय चाललंय ते दिसत नाही, ते गणिताने आणि कॉम्प्युटरवर शोधायचं, हेच या विषयातल्या प्रोफेसरचं काम.

ज्येष्ठराज जोशी सरांचं बघा ना. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले, तिथल्या एम. एम. शर्मा सरांकडे पीएचडी केली आणि तिथेच शिकवलंही. बबल कॉलम, म्हणजे द्रवाने भरलेल्या उंच टाकीत खालून वायूचे बुडबुडे सोडतात तो प्रकार, त्यातल्या प्रवाहावर वर्षानुवर्षं काम. १९९१ला विज्ञानातला भटनागर पुरस्कार, १९९९ ते २००९ संस्थेचे संचालक, २०१४ला पद्मभूषण. सगळ्यांचं असं होत नाही हे उघड आहे.

पैशाचं म्हणाल तर गेट ही प्रवेश परीक्षा द्यायची, पीएचडीला चार-पाच वर्षं धरा, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. पुढे सरकारी स्केलवर असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन ५७,७०० पासून. पण कायमच्या जागा कमी निघतात आणि खासगी कॉलेजात तेवढं मिळेलच असं नाही, हे तिला आत्ताच माहीत असू दे.

मला खरी भीती वेगळीच वाटते. या विषयात गणित फार आहे, प्रवाहाचं गणित मांडणारी नेव्हिअर-स्टोक्सची समीकरणं बघून तिला कंटाळा येत असेल तर प्रोफेसरकीचा हट्ट नको. आवडत असतील तर मात्र अडवू नका. आणि भावोजींची लोट्यात ओळख असेलच, तर सुट्टीत तिला तिथे ट्रेनिंगला लावायला सांगा, तिथलाच ढवळण्याचा एखादा अडलेला प्रश्न तिने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला घ्यावा.