रीडिंग दहापट येतंय? मशीनआधी कॅलिब्रेशनचा बीम बघा

मडगावच्या ताईंनी लिहिलंय की छातीच्या एक्स-रेत त्वचेला मिळणारा डोस कॅल्शियम सल्फेटच्या टीएलडी चकत्यांनी (किरणं साठवून ठेवतात आणि तापवल्यावर त्या प्रमाणात प्रकाश देतात त्या) मोजतायत, आकडे अपेक्षेच्या आठ-दहापट येतायत आणि विभागात सगळे एक्स-रे मशीनवर खापर फोडतायत. वाचून पोटात गोळा आला. हेच मी भोगलंय.

ॲनीलिंग (चकती तापवून जुना सिग्नल पुसणं), चकत्या वाचणाऱ्या रीडरची सेटिंग वगैरे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

तेव्हा माझा युक्तिवाद असा होता: किरणांजवळ काम करणारे आपण स्वतःचा डोस मोजायला छातीवर लावतो त्या बॅजमध्ये डिस्प्रोशियम घातलेलं कॅल्शियम सल्फेटच असतं, मग रुग्णावर का नको? चूक इथेच झाली. बॅजमध्ये तीन चकत्या असतात. एक धातूच्या फिल्टरखाली, एक प्लॅस्टिकखाली, एक उघडी. तिन्हींच्या रीडिंगची तुलना करून किरणांच्या ऊर्जेचा अंदाज बांधतात आणि मग डोस काढतात. मी मात्र एकटी चकती काढून चिकटवली. शरीरातल्या मऊ ऊतींचा परिणामी अणुक्रमांक (सगळ्या घटकांचा मिळून धरलेला) साडेसातच्या आसपास, कॅल्शियम सल्फेटचा पंधराच्या आसपास. निदानाच्या एक्स-रेच्या कमी ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणामाचा (अणू किरण पूर्ण शोषून इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो त्याचा) जोर असतो आणि तो अणुक्रमांकाबरोबर फार झपाट्याने वाढतो. ३० केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे किरणांच्या ऊर्जेचं एकक) आसपास ही चकती तेवढ्याच डोसला कोबाल्ट-६०च्या जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांच्या तुलनेत सुमारे दहापट रीडिंग देते.

आणि माझ्या चकत्या कॅलिब्रेट झाल्या होत्या, म्हणजे किती रीडिंगला किती डोस हे ठरवलं होतं, ते कोबाल्टच्या बीमवरच! प्रमाणपत्रावर बीमचा उल्लेखच नव्हता. प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाला तीनदा पत्र लिहिलं, दर वेळी उत्तर एकच, ‘प्रमाणपत्र पाहावे’. चौथ्यांदा फोन केला तेव्हा बीम कोबाल्टचा होता हे कोणीतरी सहज बोलून गेलं. तोवर अख्खा पावसाळा गेला होता, चार महिन्यांची मापं रद्द झाली आणि ज्या टेक्निशियनला आम्ही विनाकारण दोष दिला त्याची माफी मागावी लागली. याचा राग अजून गेलेला नाही. बीम कोणता ही एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?

माझं मत विचाराल तर या कामाला लिथियम फ्लोराइड घ्या. अणुक्रमांक ८.२, कमी ऊर्जेला फरक तीस-चाळीस टक्क्यांचाच, शिवाय चिप फिल्मवर जवळपास दिसत नाही, त्यामुळे रेडिओलॉजिस्ट कुरकुरत नाहीत. संवेदनशीलता मात्र कमी. डोस फारच थोडा असेल तर लिथियम फ्लोराइडचाच मॅग्नेशियम, तांबं, फॉस्फरस घातलेला प्रकार बघा, पण तो २४० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापवू नका, कायमचा बिघडतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडही चांगलं. त्याचा फरक सुमारे तिपटीचा असतो आणि उजेडात सिग्नल उडतो, म्हणून काळं पाकीट हवंच. आपल्याकडच्या दमट हवेत सगळंच सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

सध्याच्या चकत्या फेकू नका. कॅलिब्रेट केलेला आयन चेंबर (डोस थेट मोजणारं उपकरण) मिळवा, तुमच्याच मशीनवर, तुमच्याच केव्हीपीला (एक्स-रे ट्यूबच्या कमाल व्होल्टेजला), चेंबर आणि चकत्या शेजारी-शेजारी ठेवून एक्सपोजर द्या आणि चकतीच्या रीडिंगवरून खरा डोस काढायचा गुणक काढा. केव्हीपी बदललात तर पुन्हा काढा. जुनी मापं एकाच केव्हीपीची असतील तर कदाचित तीही वाचतील.

हे माझ्या अनुभवावरून सांगतोय, तुमच्या विभागाच्या आरएसओंना (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांना) विचारल्याशिवाय काही बदलू नका. आणि ताई, प्रमाणपत्रावर बीम लिहिलाय का, तुमची केव्हीपी किती, एवढं इथे कळवा. मग गुणक किती यायला हवा ते मिळून तपासू.