राजकारणामुळे घरं आणि संस्था फुटतायत का? इंदूरचा अनुभव

बदलत्या चालीरीती आणि राजकारण यांनी घरं, संस्था फुटत चालल्यात का, असं विचारलंयत. आमच्याकडे दोन्ही एकाच वर्षी झालं, म्हणून लिहितो.

२०२४ ची लोकसभा. इथल्या काँग्रेस उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला आणि पक्षाने लोकांना 'नोटा' दाबायला सांगितलं. २,१८,६७४ जणांनी दाबला, त्यातले एक आमचे काका. बाबा पक्के कमळवाले. महिनाभर सकाळी पोह्यांना दोघं समोरासमोर बसत, पण जिरावनची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) बाटली मागायची ती आईमार्फत.

मग भाद्रपद आला. वहिनी म्हणाली, यंदा महालक्ष्म्या आत्या बसवतील. आत्या विधवा, आमच्याकडेच राहते, आणि त्या तीन दिवसांत स्वयंपाकघराबाहेर फारशी येत नाही. अबोला धरलेले बाबा आणि काका क्षणात एक झाले, "आपल्यात चालत नाही!" इकडे कमळाला मत देणारी वहिनी आणि नोटावाला माझा चुलतभाऊ एका बाजूला. वहिनीने हेरवाडचा दाखला दिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने २०२२ मध्ये ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. "ते तिकडे महाराष्ट्रात," बाबा म्हणाले. शेवटी आई बोलली, "विमानतळाला अहिल्याबाई, विद्यापीठाला अहिल्याबाई. १७६७ पासून अठ्ठावीस वर्षं राज्य केलं, तेही वैधव्यात. त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नसतंत?" काकांनी टीव्ही लावला. मुखवटे आत्यानेच बसवले. बाबा आरतीला आले, जरा उशिरा.

हाच विषय आमच्या मराठी मंडळात निघाला (नाव नको), तेव्हा आत्या-बित्या कुणाला दिसलीच नाही. तिथे दोन पॅनेल, दोन्हींमागे पक्षांची माणसं. ठराव कुणी मांडला ते बघून हात वर झाले. घरी बाबा-काकांची जशी अनपेक्षित जोडी जमली, तशी तिथे एकही जमली नाही. ठराव पडला, चौघांनी राजीनामे दिले. त्यातच वाचनालयाची किल्ली सांभाळणारे गृहस्थ होते. आता वाचनालय आठवड्यातून दोनच दिवस उघडतं. घरात राजीनामा देऊन जाणार कुठे? रात्री पोळी त्याच तव्यावरची.

आत्या म्हणते, यंदा मुखवटे मी बसवीन, पण पुरण वाटायला काकांना बसवा. काका अजून हो म्हणालेले नाहीत.