आधी तारखा, मग नाव

प्रिय मुली,

अमेरिकन यादवी युद्धात कॉन्फेडरसीचे, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे, गुप्त निरोप नेणाऱ्या बाईच्या शोधाबद्दलचं तुझं पत्र वाचलं. ‘केट थॉम्पसन’ सापडल्याचा आनंद आणि ती चाळिशी ओलांडलेली निघाल्यावरची निराशा, दोन्ही कळली. अगं, ते नाव लिंकनच्या हत्येच्या कटातल्या जॉर्ज अ‍ॅट्झेरॉटच्या १ मे १८६५ च्या जबाबातलं. गळ्याशी फास आलेला माणूस तो. त्याच जबाबात तो तिला ‘केट ब्राउन’ही म्हणतो आणि वय विशीच्या आसपास सांगतो. तू वय सोडलंस आणि नाव धरलंस, म्हणून जेकब थॉम्पसनच्या बायकोच्या दारात जाऊन उभी राहिलीस. तीही केट, तिचा नवरा कॅनडात कॉन्फेडरसीचा प्रतिनिधी, म्हणून सगळं जुळल्यासारखं वाटलं. निरोप्याचं नाव पुराव्यात सगळ्यात शेवटी. आधी तारखा, मग नाव.

मोठा कागद घे आणि तारखांची पट्टी आख. २४ मार्च १८६५, रात्री मेरीलँडमधल्या सरॅट्सव्हिलला ऑगस्टस हॉवेल या दुसऱ्या निरोप्याला अटक. २५ ला वॉशिंग्टनला भाडेकरू ठेवणारी मेरी सरॅट, तिचा मुलगा जॉन आणि ‘मिसेस स्लेटर’, म्हणजे तू शोधतेस तीच बाई, वॉशिंग्टनहून तिकडे निघाले. हॉवेल अडकला, म्हणून तिला कॉन्फेडरसीच्या राजधानीत, रिचमंडला, पोचवायला जॉन स्वतः गेला. २९ ला तिथल्या स्पॉट्सवुड हॉटेलच्या वहीत तो ‘हॅरी शर्मन’ आहे. ३ एप्रिलला पुन्हा वॉशिंग्टन, ४ ला न्यूयॉर्कची वाट, ६ ला माँट्रियलच्या सेंट लॉरेन्स हॉलच्या वहीत ‘जॉन हॅरिसन’. आठ दिवसांत दोन नावं! नावामागे लागलीस तर हे दोन वेगळे प्रवासी वाटतील.

पण जॉनची प्रत्येक तारीख तिच्या नावावर टाकू नकोस. प्रत्येक नोंदीपुढे लिही: कोण सांगतं, कधी सांगतं, स्वतः पाहिलं की ऐकलं. सरॅटच्या घरी भाड्याने राहणाऱ्या लुई वाइखमनची १८६५ ची साक्ष आणि जॉनच्या १८६७ च्या खटल्यातली साक्ष यांचे रकाने वेगळे ठेव. मिसेस स्लेटर फ्रेंच बोलते, पकडली गेली तर फ्रेंच वकिलातीकडे दाद मागेल, हे त्याला मेरी सरॅटने सांगितलेलं, म्हणजे ऐकीव. तरी मोलाचं, कारण त्याने शोधाची चाळण बारीक होते.

१९८२ मध्ये संशोधक जेम्स हॉल यांनी मांडलेली तिची ओळख टिकली ती अशा चाळणीतून गेल्यामुळे. सारा अँटोइनेट गिल्बर्ट: जन्म कनेटिकटमधला, आईकडून फ्रेंच, १८६१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रोवन स्लेटरशी लग्न, आई न्यूयॉर्कला. जानेवारी १८६५ मध्ये आईकडे जायचा परवाना तिने रिचमंडला मागितला आणि कॉन्फेडरसीचे युद्धमंत्री सेडन यांनी तिला कामाला लावलं. वय, भाषा, ठिकाण, तारीख असे चार वेगळे धागे एका बाईपाशी येतात. तुझ्या केटपाशी एकच येत होता.

आता कागद कुठले, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले. बाईला बायकांच्या यादीत शोधू नकोस, नवरा, बाप, भाऊ यांच्या कागदांत शोध. नॉर्थ कॅरोलायनाच्या कॉन्फेडरेट सैनिकांच्या सेवानोंदी एम-२७० या मायक्रोफिल्ममध्ये, नागरिक आणि पेढ्यांचे कागद एम-३४६ मध्ये, लिंकन हत्येच्या तपासाचे आणि खटल्याचे एम-५९९ च्या १६ रिळांत. आडनाव स्लेटर, स्लेडर, स्लेटॉर असं प्रत्येक वळणाने बघ, कारकून कानावर पडेल तसं लिहायचे. घरातल्या सगळ्यांची नावं जनगणनेत १८५० पासूनच येतात, तेव्हा माहेरची सारा तिथे बघ. १८९० च्या जनगणनेची आशा धरू नकोस, तिचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत खराब होऊन पुढे नष्ट झाले.

हे कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे. पण पाच पुस्तकांत तेच नाव आलं म्हणून ते खरं, असं मला पुन्हा लिहू नकोस. पाचही पुस्तकं एकाच जबाबावर उभी असतील, तर तो एकच साक्षीदार. आधी तारखा!

तुझ्या पट्टीत फेब्रुवारी कोराच आहे, तिथून सुरू कर. १९ ऑक्टोबर १८६४ ला व्हर्मांटमधल्या सेंट अल्बन्सच्या बँका लुटून कॅनडात पळालेले लोक दरोडेखोर नसून कॉन्फेडरसीचे सैनिक आहेत, हे माँट्रियलच्या कोर्टात दाखवण्यासाठी रिचमंडहून कागद जायचे होते, आणि ते नेण्याचं काम तिच्याकडे होतं. त्या सुनावणीच्या तारखा आधी उतरवून काढ, आणि कागद कोणत्या दिवशी पोचले ते त्यापुढे मांड.