मागच्या ड्रमच्या जागी डिस्क : मास्टर सिलिंडर तोच चालेल?

प्रश्न : माझी गाडी १९६८ची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. पाण्यातून गेलं की मागचे ब्रेक बराच वेळ धरत नाहीत, म्हणून मागेही डिस्क बसवायच्या आहेत. जुना व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत दाब देणारा) १९ मिलिमीटरचा, नव्या कॅलिपरचा (डिस्कवर घासणारे पॅड दाबणारा भाग) पिस्टन ३८चा. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) तोच ठेवून फक्त चाकाकडचं सामान बदललं तर चालेल का? हँडब्रेकचं काय करू?

उत्तर : ड्रममध्ये पाणी शिरलं की लवकर निघत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण नुसतं चाकाकडचं सामान बदलून गाडी रस्त्यावर आणू नका. तुमचेच दोन आकडे बघा. व्यास दुप्पट, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ चौपट. तेवढ्याच दाबाला कॅलिपर चौपट जोर लावणार. ड्रममध्ये एक शू (ड्रमला आतून घासणारा तुकडा) फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आत ओढला जातो, ती मदत डिस्कला नाही. म्हणून ब्रेक सरळ चौपट होत नाही, पण पुढचा-मागचा मेळ बदलतो. मला काळजी याचीच वाटते. ब्रेक दाबला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. ती पुढच्यांच्या आधी जाम झाली की गाडी मागून फिरते, आणि मग स्टिअरिंगवर कितीही पकड असो, ती आवरत नाही. मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालाच. मूळचा असेल तर तो ड्रमच्या हिशेबाचा असतो. तो काढा, दोन एकामागे एक ठेवू नका.

मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) पुरतो की नाही, ते पेडल सांगेल. ब्रेक लाइनमधली हवा नीट काढूनही ते खोल जात असेल तर मोठ्या बोअरचा लागेल. मग पेडल जड होतं, हेही धरून चला. त्याआधी ड्रमच्या लाइनचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह शोधा आणि काढून टाका. तो सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवतो. तो राहिला तर पाय उचलल्यावरही पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर मात्र ऑइल मागे उतरू नये म्हणून २ पीएसआयचा बसवा.

हँडब्रेकसाठी लिव्हरवाला कॅलिपर घ्या. केबलची लांबी आणि ओढ जुळते का, ते आधीच मोजा. पायाचा ब्रेक दाबून पॅड जागेवर आणल्यावरच केबल ताणा. उलट क्रमाने केलंत तर कॅलिपरची आपोआप होणारी ॲडजस्टमेंट अडकते.

कॅलिपरचा हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झाला तर तो खाली जातो आणि हवा कधीच पूर्ण निघत नाही. डिस्कच्या जाडीने चाक बाहेर सरकतं, तेव्हा टायर मडगार्डला लागत नाही ना, तेही बघा.

चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, कमी वेगाने सुरू करा. बाहेर कुणाला तरी उभं करून चाकं बघायला सांगा. पुढची आधी जाम व्हायला हवीत. मागची आधी झाली तर व्हॉल्व्हने मागचा दाब कमी करा. ओल्या रस्त्यावर पुन्हा तपासल्याशिवाय घरच्यांना गाडीत बसवू नका.