गालिच्याला मोड नसते, ताई

रावेर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. केळीचे पैसे आले, नवं घर बांधून झालं. जळगावच्या प्रदर्शनात ६ बाय ९ फुटांचा काश्मिरी रेशमी गालिचा मनात भरला. सवलत जाऊन किंमत २,४०,०००. विक्रेता म्हणतो, "ही गुंतवणूक आहे, दहा वर्षांत दुप्पट होईल; सवलत रविवारपर्यंतच." घरात ६,००,००० ची एकच ठेवपावती आहे, तिची मुदत कार्तिकात संपते. घरखर्च महिन्याला ४५,०००. पावती मोडावी, की ३६ हप्त्यांवर गालिचा घ्यावा?

ताई, "आयुष्यभर सतरंजीवर बसलो, आता बैठकीत एक देखणी वस्तू असावी" असं तुम्ही लिहिलंय. ही हौस मला मनापासून पटते. आणि किंमत ऐकून तुमचे यजमान म्हणाले तशी ती लूटच असेल असंही नाही. चौरस इंचात ३२४ गाठी असतील, तर ६ बाय ९ च्या गालिच्यात २५ लाखांहून जास्त गाठी बसतात. दिवसाला सात हजार गाठी धरल्या, तरी एका कारागिराचं जवळजवळ वर्ष त्यात जातं. तालीम नावाच्या सांकेतिक लिपीतला कागद समोर ठेवून तो रंगांमागून रंग, गाठीमागून गाठ घालत जातो. या कामाला मोल आहेच.

पण ते मोल तुमच्या हातात परत येईल का, हा प्रश्न वेगळा आहे. पाटल्या घेऊन तुम्ही जळगावच्या सराफाकडे गेलात, तर तो त्या काट्यावर ठेवतो, कस बघतो, दिवसाचा भाव लावतो आणि घट कापून पैसे हातावर ठेवतो. सोन्याला मोड आहे. गालिचा गुंडाळून तुम्ही कुठे नेणार? त्याच विक्रेत्याला विचारा, "पाच वर्षांनी किती रुपयांना परत घ्याल, कागदावर लिहून द्या." तो काय करतो ते बघा. शिवाय दहा वर्षांत दुप्पट म्हणजे फार मोठं काही नाही. ७ टक्क्यांची ठेवसुद्धा तिमाही चक्रवाढीने, कर सोडला तर, दहा वर्षांत दुप्पट होते, आणि तिच्यावर कुणी चपला घेऊन चालत नाही.

हप्त्यांचा विचार सोडा. १४ टक्के व्याज धरलं तर महिन्याला साधारण ८,२०० भरावे लागतील, म्हणजे एकूण २,९५,००० च्या घरात. तुमचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं आणि हप्ता दर महिन्याला दारात उभा राहतो. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच नोकरदारांना मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतो, पण केळीवाल्या घराला पूर्ण वर्षाचा सांगतो. तुमचा तो होतो ५,४०,०००. म्हणजे पावतीतले मोकळे पैसे फक्त ६०,०००. गालिचा यातच बसवायचा.

हाच गालिचा चौरस फुटाला ४,४४४ रुपये पडतो. त्याच प्रतीचा ३ बाय ५ चा ६६,००० च्या आसपास जाईल. पण बैठकीत रोजच्या वापराला मी रेशीम घेणारच नाही. आपल्या काळ्या मातीचे कण लवीच्या बुडाशी जाऊन बसतात आणि पाय पडला की धागा कापतात. हातगाठीचा लोकरी गालिचा, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा किंवा काश्मीरचा, जास्त सोसतो आणि स्वस्तही पडतो. फक्त लोकरीला कसर लागते, म्हणून तो गुंडाळून पलंगाखाली ठेवायचा नाही. दर महिन्याला उलटा करून झटकायचा, आणि पश्चिमेच्या दारातलं ऊन त्यावर पडू द्यायचं नाही.

घेताना कोपरा उलटा करून बघा. मागेही तीच नक्षी आणि एकेक गाठ दिसली पाहिजे. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो हातगाठीचा नाही. टोकाची झालर शिवलेली नको, आतल्या उभ्या धाग्यांचीच टोकं हवीत. रेशीम म्हणत असतील तर एक सुटा धागा मागून घ्या आणि जाळा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो, नकलीला कागदाचा किंवा प्लास्टिकचा. मी स्वतः एकदा हे न करता छोटा "रेशमी" गालिचा घेतला होता. पहिल्याच धुण्यात त्याची चमक गेली आणि तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला. पावतीवर नुसतं "कार्पेट" लिहिलेलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. म्हणून बिलावर माप, धागा, हातगाठ आणि चौरस इंचातल्या गाठी लिहून घ्याच. काश्मीरच्या हातगाठी गालिच्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२२ पासून क्यूआर कोडचं लेबलही आहे. तो कोड दुकानातच मोबाइलवर उघडून बघा.

रविवार जाऊ द्या. आत्ता पावती मोडलीत तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात, आणि ६०,००० साठी सगळ्या ६,००,००० चं व्याज घटेल. कार्तिकात मुदत संपली की ५,४०,००० पुन्हा ठेवा, पण एका पावतीत नको, तीन-चार पावत्यांत ठेवा. उरलेले बचत खात्यात राहू द्या. तोवर बैठकीत जुनी चादर ३ बाय ५ आणि ४ बाय ६ अशी दुमडून अंथरा, आणि सोफ्यासमोर कोणतं माप शोभतं ते दोघं मिळून ठरवा.